इंजिन नव्याने बांधले, तरी कॉम्प्रेशन कमी? हेड उघडण्याआधी हे वाचा

आमच्याकडे इंजिनाचे पूर्ण काम करून घेणाऱ्या, तसेच बोअर (सिलिंडरचे भोक) आणि हेडचे (सिलिंडरवरच्या झाकणाचे) काम करून घेऊन इंजिन स्वतः बांधणाऱ्या ग्राहकांसाठी

नव्या रिंगा, नवे पिस्टन, ग्राइंड केलेले व्हॉल्व्ह, आणि तरीही कॉम्प्रेशन (पिस्टनने दाबलेल्या हवेचा सिलिंडरमधला दाब) मोजणाऱ्या गेजचा काटा ७ बारच्या पुढे सरकत नाही. अशा वेळी इंजिन पुन्हा खोलण्याची घाई होते. ती करू नका. आधी आकडा खरा आहे का ते तपासा, मग सगळ्या सिलिंडरचे आकडे शेजारी-शेजारी मांडून वाचा. बहुतेक दोष हेड जागेवर असतानाच ओळखता येतात. काही तर हेड न काढताच दुरुस्त होतात.

मोजताना काय चुकते

बॅटरी पूर्ण चार्ज हवी. नव्याने बांधलेले इंजिन जड फिरते, त्यामुळे अर्धवट चार्ज बॅटरीवर स्टार्टर धापा टाकतो आणि क्रँकला (पिस्टन ज्याला जोडलेले असतात त्या मुख्य शाफ्टला) मिनिटाला २०० फेरेही मिळत नाहीत. सगळे स्पार्क प्लग काढा. मोजायच्या सिलिंडरचा एकच काढून भागत नाही. इग्निशन कॉइल आणि इंजेक्टरचे कनेक्टर सोडवा, कारण उघड्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर फेकली जाते आणि तिला एक ठिणगी पुरते. थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवा. ही गोष्ट सर्वांत जास्त विसरली जाते, आणि बंद थ्रॉटलवर निरोगी इंजिनही आजारी दिसते. थ्रॉटल इलेक्ट्रॉनिक असेल तर पेडल दाबल्यावर झडप खरोखर उघडते का ते डोळ्यांनी पाहा. हाताने जोर लावून ढकलू नका.

गेजही तपासा. हवा परत न जाऊ देणारा छोटा व्हॉल्व्ह होजच्या प्लगकडच्या टोकाला हवा. तो गेजकडच्या टोकाला असेल तर होजमधली पोकळी ज्वलनकक्षात जमा होते आणि आकडा कमी येतो. गाव उंचावर असेल तर तेही धरा: समुद्रसपाटीपासून १००० मीटरवर हवेचा दाब सुमारे ११ टक्के कमी असतो.

प्रत्येक सिलिंडरला स्टार्टरवर सारखेच ५ ते ६ धक्के (पिस्टन हवा दाबतो त्या खेपा) द्या आणि पहिल्या धक्क्याचा आकडा वेगळा लिहून ठेवा. चांगला सिलिंडर पहिल्याच धक्क्याला निम्म्याच्या वर जातो. रिंगांतून गळणारा खालून सुरू होतो आणि धक्क्यागणिक चढत राहतो. व्हॉल्व्हमधून गळणारा जिथे अडकतो तिथेच राहतो. नुसता शेवटचा आकडा लिहिला की ही माहिती हातची जाते.

आकडे काय सांगतात

पेट्रोल इंजिनाला सहसा १० ते १३ बार, म्हणजे साधारण १४५ ते १९० पीएसआय येतात. डिझेलला २५ ते ३५ बार. तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमधला आकडा अर्थातच यापेक्षा मोठा पुरावा. दोन सिलिंडरमध्ये १५ टक्क्यांहून जास्त फरक असेल तर एकूण आकडा चांगला असूनही शोध घ्यायला हवा.

सगळे सिलिंडर सारख्याच प्रमाणात कमी असतील तर एकाच वेळी चारही सिलिंडरच्या रिंगा बिघडल्या असे मानू नका. मोजमाप, टायमिंग (कॅम आणि क्रँकचा मेळ), हेड गॅस्केटची (हेडखालच्या सीलची) जाडी आणि अजून न बसलेल्या रिंगा, या क्रमाने पाहा. कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा शाफ्ट) उशिरा लागला तर इनलेट व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो आणि भरलेली हवा पिस्टन पुन्हा मॅनिफोल्डमध्ये ढकलतो. ४० दातांच्या कॅम पुलीवर एक दात चुकला की क्रँकचे १८ अंश चुकतात. क्रँक पान्याने हळूहळू दोन पूर्ण फेरे फिरवा आणि खुणा पुन्हा जुळतात का पाहा. फिरवताना कुठे अडले तर जोर लावू नका. व्हॉल्व्ह पिस्टनला टेकत असण्याची शक्यता असते. आणि एक लक्षात असू द्या: कॅम थोडा लवकर लागला तर कॉम्प्रेशन उलट वाढते, म्हणून चांगला आकडा हा टायमिंग बरोबर असल्याचा पुरावा नव्हे.

गॅस्केटचा हिशेब सोपा आहे. ८० मिमी बोअरवर गॅस्केट अर्धा मिमी जाड बसले तर ज्वलनकक्षात अडीच सीसी जागा वाढते. ४०० सीसीच्या सिलिंडरमध्ये १०:१ चे प्रमाण त्यामुळे सुमारे ९.५:१ वर येते. फरक दिसेल, पण ७ बारचे कोडे एवढ्याने सुटत नाही.

शेजारचे दोनच सिलिंडर कमी असतील तर त्यांच्या मधल्या पट्टीवर गॅस्केट गळत असणार. एकच कमी असेल तर पुढच्या दोन चाचण्या करा.

तेलाची चाचणी: प्लगच्या भोकातून ५ मिली इंजिन ऑइल सोडा आणि पुन्हा मोजा. आकडा भरभरून वाढला तर गळती रिंगांतून, जवळपास तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केटमधून. जास्त तेल ओतू नका. तेल स्वतःच जागा व्यापते आणि चांगल्या सिलिंडरचाही आकडा फुगवते. म्हणून तुलनेसाठी एका चांगल्या सिलिंडरलाही तेवढेच तेल द्या. डिझेल इंजिनावर ही चाचणी करू नका.

हवेची चाचणी अधिक भरवशाची. पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या अगदी वरच्या बिंदूवर आणून लीक-डाउन टेस्टरने (गळती टक्क्यांत दाखवणाऱ्या उपकरणाने) हवा सोडा. क्रँक आधी पक्का अडवा, पाना पुलीवर राहिला तर तो हवेच्या दाबाने झटक्यात फिरतो. २० टक्क्यांहून जास्त गळती असेल तर कान लावा. एअर फिल्टरकडे सुसकारा आला तर इनलेट, सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट, तेल भरायच्या तोंडातून आला तर रिंगा. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट किंवा तडा.

हेडचे काम झाले असेल तर आधी टॅपेट गॅप

एका किंवा अनेक सिलिंडरचे व्हॉल्व्ह गळताना दिसले की लोक लॅपिंगला (व्हॉल्व्ह आणि सीट घासून जुळवण्याला) दोष देतात. आम्ही आधी फिलर गेज (फट मोजायच्या पात्या) हातात घेतो आणि टॅपेट गॅप, म्हणजे कॅम आणि व्हॉल्व्हच्या दांडीमधली फट, मोजतो. सीट (व्हॉल्व्ह टेकतो ती कड) कापली की व्हॉल्व्ह हेडमध्ये खोल बसतो आणि त्याची दांडी तेवढीच वर येते. सीट आणि व्हॉल्व्हचा चेहरा मिळून ०.२ मिमी गेले आणि जुनीच शिम (गॅप ठरवणारी चकती) परत टाकली, तर ०.२० मिमीचा गॅप शून्य होतो. मग व्हॉल्व्ह पूर्ण बंद होतच नाही. इंजिन तापल्यावर आणखी बिघडते, आणि असेच चालवले तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो. गॅप थंड इंजिनावर, मॅन्युअलप्रमाणे, सगळ्या व्हॉल्व्हवर मोजा.

हायड्रॉलिक टॅपेट (तेलाच्या दाबाने गॅप आपोआप भरून काढणारे) असतील तर दांडी मर्यादेबाहेर वर आल्यावर टॅपेटला दबायला जागा उरत नाही. नवे टॅपेट तेलाने फुगलेले असतील तर कॅम बसवल्यावर अर्धा तास थांबा, मगच क्रँक फिरवा.

रिंगा

नव्या रिंगा पहिल्या दिवशी पूर्ण सील करत नाहीत. एखाद-दुसरा बार कमी येणे आणि ५०० ते १००० किमीनंतर वाढणे नेहमीचेच आहे. या काळात इंजिन तासन्तास आयडलवर ठेवू नका. मध्यम लोड द्या, वेग बदलत राहा. हलक्या लोडवर रिंगा बोअरला दाबल्या जात नाहीत आणि होनिंगच्या (बोअरवर मुद्दाम पाडलेल्या बारीक) रेघा चकाकून जातात, मग त्या रिंगा बसतच नाहीत. सुरू होत नाही म्हणून वारंवार स्टार्टर मारला असेल तर पेट्रोलने भिंतींवरचे तेल धुतले जाते. तेही आधी पाहा.

खरा दोष असेल तो बहुधा मापाचा. ०.५० मिमी ओव्हरसाइज (मोठ्या केलेल्या) बोअरमध्ये स्टँडर्ड रिंगा गेल्या तर रिंगच्या दोन टोकांमधला गॅप सुमारे १.५७ मिमीने वाढतो, जिथे ८० मिमी बोअरला साधारण ०.३ ते ०.४ मिमी हवा. खूण असलेली बाजू खाली बसलेली रिंग, बसवताना मोडलेली रिंग, या पुढच्या शंका. सगळ्या रिंगांचे गॅप एका रेषेत आले म्हणून कॉम्प्रेशन गेले, हे स्पष्टीकरण आम्ही फारसे मानत नाही. रिंगा चालताना फिरतात.

काम आमच्याकडे परत आणायचे असल्यास प्रत्येक सिलिंडरचा पहिला आणि शेवटचा आकडा, इंजिन गरम होते की थंड, तेलाच्या चाचणीनंतरचे आकडे, टॅपेट गॅप, वापरलेल्या गॅस्केटची जाडी आणि रिंगांच्या खोक्यावरचे माप लिहून आणा. हेड आधीच उघडले असेल तर गॅस्केट न पुसता, जसे निघाले तसे सोबत द्या.