पात्र-प्रकार जुळवणी

पात्र-प्रकार जुळवणी : दूरचित्रवाणी मालिकेतील पात्राचा स्वभाव पाहून त्याला व्यक्तिमत्त्वाच्या ठरीव वर्गीकरणातला एखादा प्रकार लावण्याची प्रथा. हे शीर्षक सोयीपुरते आहे. बोलताना प्रेक्षक ‘ही कुठल्या टाइपची?’ एवढेच विचारतात. वर्गीकरण बहुधा सोळा प्रकारांचे असते, त्याखालोखाल नऊ प्रकारांचे. ग्रीक वैद्यकातील चार प्रकृती, वात-पित्त-कफ आणि सत्त्व-रज-तम यांचीही मदत घेतली जाते. जुळवणी ही मानसशास्त्राची शाखा नव्हे. मानसशास्त्राच्या आसपास तयार झालेल्या मापांनी काल्पनिक माणसे मोजण्याचा तो रसिकांचा उद्योग आहे.

याच्या उलट दिशेचा व्यवहार, म्हणजे खऱ्या माणसाला पात्राचे नाव देणे, मराठीत फार जुना आहे. कळीचा नारद, शकुनीमामा, मंथरा, कुंभकर्ण ही त्याची उदाहरणे. त्यात पात्र हेच माप असते आणि माणूस मोजला जातो; जुळवणीत पात्र मोजले जाते. हे दोन व्यवहार वेगळे ठेवलेले बरे. ते एका ठिकाणी मात्र चमत्कारिक रीतीने एकत्र आले आहेत, त्याचा उल्लेख पुढे येईल.

मूळ : सोळा प्रकारांच्या पद्धतीचे मूळ स्विस मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांच्या १९२१ मधील ग्रंथात आहे, यावर दुमत नाही. युंग यांनी अंतर्मुख व बहिर्मुख अशा दोन वृत्ती मानल्या आणि विचार, भावना, संवेदन व अंतःप्रज्ञा अशी मनाची चार कार्ये मानली. त्यांच्या गुणाकाराने आठ प्रकार होतात. ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर १९२३ मध्ये आले आणि अमेरिकेतील कॅथरिन कुक ब्रिग्ज यांच्या हाती पडले. त्यांनी त्याआधीच, चरित्रग्रंथ वाचता वाचता, माणसांचे चार गट कल्पिले होते. त्यांची कन्या इझाबेल ब्रिग्ज मायर्स यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात प्रश्नावली तयार केली, तिच्यात निर्णयशील-ग्रहणशील ही चौथी जोडी घातली आणि आठाचे सोळा झाले. प्रश्नावली १९६२ मध्ये प्रसिद्ध झाली. मायलेकींपैकी कोणीही मानसशास्त्राचे रीतसर शिक्षण घेतलेले नव्हते. इझाबेल यांनी प्रश्नावलीच्या आधी रहस्यकथा लिहून बक्षीस मिळवले होते. पद्धतीचे टीकाकार ही गोष्ट दोष म्हणून सांगतात. जुळवणीच्या दृष्टीने मात्र ती निराळी दिसते : चरित्रे वाचणारी आई आणि कथा लिहिणारी मुलगी यांच्या घरात तयार झालेले माप पुढे पात्रांना लागले, यात नवल नाही.

सोळा या आकड्यावरून आपल्याकडे एक वाद निघतो. चरकसंहितेच्या शारीरस्थानात (अध्याय ४) मनाचे, म्हणजे ‘सत्त्वा’चे, सोळाच प्रकार सांगितले आहेत : ब्राह्म, आर्ष, ऐंद्र, याम्य, वारुण, कौबेर व गांधर्व हे सात सात्त्विक, आसुर, राक्षस, पैशाच, सार्प, प्रैत व शाकुन हे सहा राजस, पाशव, मात्स्य व वानस्पत्य हे तीन तामस. त्यावरून ‘पाश्चात्त्यांचे सोळा आपलेच’ असे म्हणणारा एक पक्ष आहे. हा केवळ आकड्यांचा योगायोग दिसतो. मायर्स यांचे सोळा चार जोड्यांच्या गुणाकारातून येतात आणि त्यांत वर-खाली असा क्रम नाही. चरकाचे सोळा ही गणती आहे आणि तिला उतरती पायरी आहे. भित्र्या, पाण्याच्या ओढीच्या ‘मात्स्य’ माणसाला ‘आर्ष’ माणसाशेजारी बसवण्याचा ग्रंथकाराचा मुळीच विचार नाही. शिवाय चरकाचा हेतू चिकित्सेचा आहे.

जुळवणीचे पूर्वरूप म्हणून नाट्यशास्त्राचा दावा अधिक वजनदार वाटतो. भरताच्या ग्रंथाचा काळ सामान्यपणे इ. स. पू. २०० ते इ. स. २०० च्या दरम्यान धरतात. काही अभ्यासक तो याच्याही पुढे-मागे नेतात. त्यात नायकांचे चार प्रकार सामाजिक स्थानानुसार वाटलेले आहेत : देव धीरोद्धत, राजे धीरललित, सेनापती व अमात्य धीरोदात्त, ब्राह्मण व वणिक धीरप्रशांत. दहाव्या शतकाच्या अखेरीस माळव्याच्या मुंज राजाच्या आश्रयाने धनंजयाने दशरूपक हा नाट्यविषयक ग्रंथ रचला, तेथे हेच प्रकार गुणांवर बेतले आहेत. निश्चिंत व कलासक्त तो ललित, गंभीर व क्षमाशील तो उदात्त, दर्प आणि मत्सर यांनी भरलेला तो उद्धत. या ग्रंथावरील धनिकाच्या (हा बहुधा धनंजयाचा भाऊ) टीकेत आजच्या जुळवणीला थेट लागू पडणारा एक मुद्दा आहे. धनिक म्हणतो, ललित, उदात्त वगैरे शब्द अवस्था सांगतात, जाती नव्हे. एकच जनावर आधी वासरू, मग बैल, मग पोळ होते, तसे हे आहे. कारण जातच ठरलेली असती, तर एकाच पात्राला कवीने निरनिराळ्या प्रसंगी निरनिराळा स्वभाव दिलेला चालला नसता. भवभूतीचा परशुराम रावणाशी एक वागतो, रामाशी दुसरे. सोळा प्रकारांचे पुरस्कर्ते प्रकार जन्मजात व कायम मानतात. प्रस्तुत नोंदीचा कल धनिकाकडे आहे.

नऊ प्रकारांची पद्धत, म्हणजे एनिअग्राम, हिच्या उगमाबद्दल मतैक्य नाही. नऊ टोकांची आकृती गूढवादी गुरू जॉर्ज गुर्जिएफ यांच्या शिकवणीतून पश्चिमेत पोचली. तिच्यावर स्वभाव बसवण्याचे काम ओस्कार इचाझो यांनी केले आणि १९७० च्या दशकात क्लाउडिओ नारांहो यांनी ते अमेरिकेत शिकवले. सूफी परंपरेत ही पद्धत प्राचीन काळापासून होती, या दाव्याला पुरावा तोकडा आहे.

ज्या ठिकाणी दोन्ही व्यवहार एकत्र आले ते ठिकाण म्हणजे लिथुआनियातील अउश्रा ऑगुस्टिनाविच्यूटे यांनी १९७० च्या दशकात मांडलेले ‘सोशिऑनिक्स’. याचे प्रकारही युंगवरच आधारलेले आणि सोळाच आहेत, पण त्यांना प्रसिद्ध व्यक्तींची व पात्रांची टोपणनावे रूढ झाली : डॉन किहोते, हॅम्लेट, नेपोलियन, बाल्झाक, दस्तयेव्हस्की इत्यादी. त्यांत एक नाव श्टिर्लिट्झ हे आहे. यूलियान सेम्योनोव्ह यांच्या कादंबरीतला हा सोव्हिएत हेर १९७३ मधील बारा भागांच्या दूरचित्रवाणी मालिकेमुळे घरोघरी पोचला होता. म्हणजे येथे मालिकेतील पात्राला प्रकार लागला नाही, तर प्रकारालाच मालिकेतील पात्राचे नाव मिळाले. मराठीत बोलायचे तर ‘तो शकुनी आहे’ हे वाक्य शास्त्राच्या तक्त्यात जाऊन बसले.

पद्धत : जुळवणारा पात्राचे वागणे चार प्रश्नांनी तपासतो (कंसातली अक्षरे इंग्रजी नावांवरून आली आहेत). त्याला हुरूप माणसांत येतो की एकांतात (ई/आय)? तो समोरचे पाहतो की संभाव्य (एस/एन)? निर्णय तर्काने घेतो की जिव्हाळ्याने (टी/एफ)? गोष्टी मिटवून टाकतो की मोकळ्या ठेवतो (जे/पी)? अंतःप्रज्ञेला (इंट्यूशन) ‘एन’ हे अक्षर मिळाले, कारण ‘आय’ आधीच अंतर्मुखाला (इंट्रोव्हर्ट) देऊन झाले होते. या चार अक्षरांवर थांबणारा एक संप्रदाय आहे. दुसरा संप्रदाय अक्षरांना केवळ खूण मानतो आणि त्यांमागच्या कार्यांचा क्रम शोधतो. या दोघांचे भांडण शेवटच्या अक्षरावर पेटते, आणि त्याचे कारण तांत्रिक आहे. जे/पी हे अक्षर बाहेरच्या जगाशी कोणते कार्य व्यवहार करते ते दाखवते. बहिर्मुखाच्या बाबतीत ते कार्य मुख्य असते, अंतर्मुखाच्या बाबतीत दुय्यम. त्यामुळे ‘आयएनटीजे’चे मुख्य कार्य अंतर्मुख अंतःप्रज्ञा व दुय्यम बहिर्मुख विचार, ‘आयएनटीपी’चे मुख्य अंतर्मुख विचार व दुय्यम बहिर्मुख अंतःप्रज्ञा. पाहायला गेले तर एकच अक्षर बदलले, पण आतली सगळी मांडणी फिरली. ‘चारपैकी तीन तर जुळली’ असे समाधान पहिल्या संप्रदायाला मिळते, दुसऱ्याला नाही.

एनिअग्राममध्ये वागण्यापेक्षा हेतू महत्त्वाचा असतो आणि तेथे अडचण वेगळी येते. शकुनीचे पाहा. लोककथेतला शकुनी बापाच्या हाडांचे फासे करून कुरुकुळाचा सूड घेतो. व्यासांच्या महाभारतात ही कथा नाही, तेथे तो भाच्याच्या बाजूने खेळणारा पटाईत जुगारी आहे. वागणे दोन्हीकडे जवळपास सारखे, हेतू मात्र संपूर्ण निराळा. म्हणून शकुनीचा प्रकार ठरवण्याआधी कोणता शकुनी, हे ठरवावे लागते.

जोडीतील पात्रे सर्वांत सहज जुळतात. चिं. वि. जोशी यांच्या चिमणराव-गुंड्याभाऊ या जोडीवरील मुंबई दूरदर्शनची मालिका १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात दिलीप प्रभावळकर व बाळ कर्वे यांनी गाजवली. तिच्यातील चिमणराव बुजरा, शब्दांनी वेळ मारून नेणारा. गुंड्याभाऊ धट्टाकट्टा, बोलणे कमी आणि हात आधी. एकाचे प्रत्येक अक्षर दुसऱ्याच्या विरोधातून कळते. ही सोय लेखकाने विनोदासाठी केलेली असते, स्वभाववर्णनासाठी नव्हे, एवढे लक्षात ठेवावे.

ग्राह्यता : शैक्षणिक मानसशास्त्रात आज प्रकारांऐवजी पाच गुणांची मोजपट्टी (अनुभवांविषयी खुलेपणा, कर्तव्यनिष्ठा, बहिर्मुखता, सौहार्द, भावनिक अस्थैर्य) अधिक मान्य आहे. सोळा प्रकारांवरील मुख्य आक्षेप पुनर्चाचणीचा आहे : काही आठवड्यांनी पुन्हा प्रश्नावली भरल्यास बऱ्याच जणांचा प्रकार बदलतो. दुसरा आक्षेप असा, की मोघम वर्णनही माणसाला आपलेच वाटते : मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी १९४८ मध्ये ३९ विद्यार्थ्यांना एकच, ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेले स्वभाववर्णन ‘खास तुमचे’ म्हणून दिले. ते किती अचूक आहे याला विद्यार्थ्यांनी ५ पैकी सरासरी ४.२६ गुण दिले. पात्र मात्र स्वतः प्रश्नावली भरत नाही आणि खूश होऊन मानही डोलावत नाही, त्यामुळे हा दोष जुळवणीत प्रेक्षकाकडे सरकतो. ली रॉस यांनी १९७७ मध्ये दाखवलेली चूकही येथे लागू पडते : दुसऱ्याच्या वागण्याचे कारण आपण परिस्थितीत न शोधता स्वभावात शोधतो. मालिकेतील पात्राच्या बाबतीत ही परिस्थिती म्हणजे पुष्कळदा टीआरपी असते. दोनशे भाग सोसत आलेली सून एका सोमवारी अचानक कारस्थानी होते. त्यामागे तिचे दुय्यम कार्य जागे झालेले नसते. कथा वळवायची ठरलेली असते.

गोव्यात : गोव्यातील मराठी प्रेक्षकाला ही प्रथा नवी वाटली नाही, कारण पात्र प्रकारातच जन्माला येते हे तो दशावतार आणि काला या लोकनाट्यांत आधीच पाहत आला होता. (दशावताराचे मूळ यक्षगानात असल्याचे मत प्रचलित आहे, ते सर्वमान्य नाही.) पेडणे, डिचोली, बार्देश या भागांत जत्रेच्या रात्री दशावतार उभा राहतो तेव्हा मंचावर एक लाकडी बाकडे असते, बाजूला पेटी आणि मृदंग. संहिता नसते. राजपार्ट येतो, बाकड्यावर पाय ठेवतो, त्या क्षणी ते सिंहासन होते, आणि तो स्वतःच आपली ओळख सांगतो. स्त्रीपार्ट, राक्षसपार्ट यांची चाल, आवाज, ताल ठरलेले. आख्यान कोणतेही असो, नट आपला पार्ट घेऊन येतो आणि नाव त्या रात्रीपुरते लावतो. पूर्वरंगातील संकासुराला तर प्रेक्षक तोंड न पाहताच ओळखतात : काळा वेश, लोंबणारी लाल जीभ आणि देवादिकांच्या शुद्ध मराठीला गावच्या बोलीत दिलेली उत्तरे. वेद चोरणारा असुर म्हणून तो खल, पण मुले त्याच्याच मागे धावतात. चार अक्षरांत त्याला बसवण्याचा खटाटोप प्रस्तुत लेखकासमोर एकदा झाला. ‘ई’वर सर्वांचे एकमत झाले आणि गाडी तिथेच अडली.

हौशी नाटकांतही हेच चालते. देवळाच्या उत्सवात गावकरी मराठी नाटक बसवतात, ही गोव्यात पिढ्यानपिढ्यांची रीत आहे. पात्रवाटप तालीम मास्तर करतो आणि एकदा खलनायक वठवलेल्या माणसाला पुढच्या वर्षीही बहुधा तोच पार्ट मिळतो. गावात मग माणूस आणि पार्ट यांतली रेघ पुसट होते, वाण्याच्या दुकानात त्याला पार्टाच्या नावाने हाक पडते. तियात्र या कोकणी नाट्यप्रकाराचेही आपले ठरीव साचे आहेत : भाटकार (जमीनदार), मुंडकार (त्याच्या जमिनीवर राहणारे कूळ), बेबदो (दारुडा), पाद्री. ही परंपरा १८९२ मध्ये मुंबईत सुरू झाली.

दूरचित्रवाणीवरील मराठी मालिका गोव्यात आधी मुंबई दूरदर्शनमुळे व १९९९ नंतर खासगी वाहिन्यांमुळे रुजल्या. घरात बोलणे कोकणी, पडद्यावरचे मराठी पुण्या-मुंबईचे, आणि पात्राची चिकित्सा दोन्ही भाषांच्या मिश्रणात चालते. ‘ती पिशी न्हय, शाणी’ (ती वेडी नव्हे, शहाणी) हा निवाडा चार अक्षरांपेक्षा लवकर होतो. मालिकेतील नट जत्रेच्या नाटकाला पाहुणा म्हणून येतो तेव्हा फलकावर त्याच्या नावाला ‘फेम’ जोडून मालिकेतल्या पात्राचे नाव मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते. त्या रात्री तो दुसऱ्याच भूमिकेत उभा राहिला, तरी पहिल्या रांगेतून हाक त्याच नावाने येते.