सिद्दी वस्त्या आणि जिल्ह्याची हद्द

जंजिऱ्याच्या सिद्दींबद्दल मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. पण किल्ला आणि आरमार राखणारे सिद्दी हा या समाजाचा एक लहानसा भाग. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या बहुतेक सिद्दींचे पूर्वज पोर्तुगिजांनी आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून, मुख्यतः मोझांबिककडून, गोव्यात गुलाम म्हणून आणले. पोर्तुगीज राज्यातली गुलामी १८६९ मध्ये कायद्याने संपली; त्याआधीच अनेकजण पळून घाटावरच्या जंगलात शिरले होते. हल्याळ, यल्लापूर, अंकोला, मुंडगोड भागांत त्यांच्या वस्त्या आहेत. घरात कोकणी, धर्म मात्र तीन: हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान.

धर्म वेगळे असले तरी कवंदी, म्हणजे चिंध्यांची गोधडी, सगळ्यांची एकाच रीतीची. जुनी साडी पसरायची, चिंध्या कडेपासून लावत धावदोरा घालायचा, चारी बाजूंनी फिरत आत सरकायचं आणि मध्यावर संपवायचं. कोपऱ्यांवर घड्या घातलेल्या तुकड्यांची फुलं हवीतच. त्यांच्याविना गोधडी नागडी मानतात. ख्रिस्ती बायका क्रूस जोडतात, मुसलमान बायका चंद्रकोर.

समाज एक असला तरी अनुसूचित जमातींच्या सरकारी यादीत तो जिल्ह्याजिल्ह्याने तुटला. अनुसूचित जातींसारखी धर्माची अट जमातींना नाही, त्यामुळे अडचण धर्माची नव्हती, हद्दीची होती. गुजरातेत नोंद झाली ती सौराष्ट्रातल्या जिल्ह्यांपुरती. गोव्याच्या १९६८ च्या यादीत 'सिद्दी (नायका)' आहे, महाराष्ट्राच्या यादीत सिद्दी नाहीतच. कर्नाटकात २००३ मध्ये उत्तर कन्नड जिल्हा तेवढा आला. हल्याळच्या सिद्दीला दाखला मिळे, पण शेजारच्या कलघटगीतल्या त्याच्या सोयऱ्याला नाही, कारण तो तालुका धारवाडात. बेळगाव आणि धारवाड यादीत यायला २०२० उजाडलं. हा उशीर अन्यायाचाच होता.

त्याची झळ जमिनीला बसली. २००६ च्या वनहक्क कायद्यात वनजमिनीवर हक्क मिळवायला जमातीच्या कुटुंबाला १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवावा लागतो. यादीबाहेरच्याला त्यावर तीन पिढ्यांचं, म्हणजे ७५ वर्षांचं वास्तव्य सिद्ध करावं लागतं. ज्यांचे पूर्वज पळून रानात लपले, त्यांच्याकडे इतका जुना कागद कुठून असणार? म्हणून धारवाड-बेळगावच्या ज्या सिद्दींनी २०२० आधी दावे केले, त्यांच्यापुढे ७५ वर्षांची अट आली, आणि उत्तर कन्नडमधल्या भाऊबंदांना ती लागलीच नाही.