बर्फात उतरलेला शिशाचा धूर

स्वित्झर्लंड-इटलीच्या सीमेवर, आल्प्समधल्या मोन्ते रोझा पर्वताच्या माथ्याशी, साधारण 4,450 मीटर उंचीवर, कोले न्यीफेत्ती नावाची हिमनदी आहे. 2013 मध्ये तिथे खोल भोक पाडून 72 मीटर लांबीचा बर्फाचा दांडा काढला गेला. त्यात सुमारे 2,000 वर्षांचे हिमवर्षाव थरावर थर बसले आहेत आणि प्रत्येक थरात त्या-त्या वर्षी वाऱ्याने आणलेली धूळ अडकलेली आहे.

अडचण अशी, की वरच्या वजनाने खालचे थर चेपून पापुद्र्यासारखे होतात. बर्फ वितळवून तपासावा तर अनेक वर्षांचा एकत्र काला होतो. म्हणून अमेरिकेतल्या मेन विद्यापीठात बर्फ गोठलेला ठेवूनच त्यावर लेसर फिरवला. जेमतेम 120 मायक्रॉनची, म्हणजे जाडसर केसाएवढी, रेघ जळते आणि तिच्या वाफेतले शिसे यंत्र मोजते. त्यामुळे बाराव्या शतकातली वर्षेसुद्धा सुटी सुटी वाचता येतात.

ती वाचल्यावर दिसले, की बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात हवेत एकंदरीत शिसे भरपूर होते, औद्योगिक क्रांतीच्या काळाशी तुलना करावी इतके. वायव्येकडून येणाऱ्या वाऱ्यांचा माग काढला तर तो इंग्लंडमधल्या डर्बीशरच्या आणि उत्तरेकडच्या खाणींपर्यंत जातो. शिशाचे खनिज भट्टीत वितळवले की धूर उठे, तोच पुढे आल्प्सवर बसे. 2020 मध्ये पुरातत्त्वज्ञ क्रिस्टोफर लव्हलक आणि सहकाऱ्यांनी बर्फातले हे आकडे इंग्लंडच्या राजाच्या खजिन्याच्या चर्मपत्री हिशेबांशी, म्हणजे ‘पाइप रोल्स’शी, ताडून पाहिले.

आणि 1169-70 च्या आसपास त्यांना शिसे एकदम उतरलेले दिसले.

तेव्हा इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री आणि कँटरबरीचा आर्चबिशप, म्हणजे इंग्लंडमधल्या चर्चचा प्रमुख, थॉमस बेकेट यांचे हाडवैर जुंपले होते. बेकेट आधी राजाचाच चॅन्सलर, अगदी खास माणूस. 1162 मध्ये हेन्रीने त्याला आर्चबिशप केले ते चर्च आपल्या मुठीत राहील या हिशेबाने. बेकेट मात्र पद मिळताच फिरला. 1164 मध्ये क्लॅरेंडनला राजाने कलमे मांडली: गुन्हेगार धर्मगुरूंना चर्चच्या कोर्टाआड लपता येणार नाही, राजाला विचारल्याशिवाय रोमकडे अपील करायचे नाही. त्यावरून फाटले. बेकेट फ्रान्सला पळाला; हेन्रीने त्याचे उत्पन्न जप्त केले, नातेवाइकांनाही देशाबाहेर काढले.

पोपने मध्ये पडायचे ना? पण पोप तिसरा अलेक्झांडर स्वतःच रोमबाहेर, फ्रान्समधल्या साँसला मुक्कामी. जर्मन सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाने त्याच्याविरुद्ध दुसराच पोप उभा केलेला. हेन्री दुखावला आणि तिकडे जाऊन मिळाला तर? म्हणून पोप बेकेटला धीर देई, राजाशी बोलणी चालू ठेवी आणि निकाल लांबवी. मला त्यात भित्रेपणापेक्षा नाइलाज जास्त दिसतो.

चर्च हे शिशाचे मोठे गिऱ्हाईक होते. मठ आणि कॅथेड्रलची छपरे शिशाच्या पत्र्यांनी मढत. राजा आणि चर्च यांचे सहकार्यच थांबल्यामुळे उत्पादन घसरले, असा संशोधकांचा अर्थ आहे. 29 डिसेंबर 1170 रोजी राजाच्या चार सरदारांनी बेकेटला त्याच्याच कॅथेड्रलमध्ये ठार केले. 1173 मध्ये पोपने त्याला संत ठरवले. 1174 मध्ये हेन्री अनवाणी कँटरबरीला गेला आणि मठवासीयांकडून पाठीवर फटके खाऊन आला. पुढे प्रायश्चित्तापोटी त्याने मठ उभारले. वॉल्थमच्या मठासाठी तर गाड्यांवर गाड्या भरून शिसे गेले. बर्फातले शिसेही पुन्हा चढते.

आता, बर्फ सांगतो तो फक्त शिसे किती हे. का, ते हिशेबाच्या कागदांवरून जुळवावे लागते, आणि एकुलती एक घसरण योगायोगही असू शकते. म्हणून मला बेकेटपेक्षा पुढच्या घसरणी जास्त पटतात. हेन्री 1189 मध्ये वारला, त्याच्यामागून राजे झालेले त्याचे मुलगे रिचर्ड 1199 मध्ये आणि जॉन 1216 मध्ये. राजा गेला की कारभार थंडावतो, खाणींचा हिशेब आक्रसतो आणि तिकडे आल्प्सवरचे शिसेही उतरते. नवा राजा स्थिरावला की भट्ट्या परत पेटलेल्या दिसतात.