कृत्रिम मूत्र परिसंकोची
लघवी रोखून धरणारा परिसंकोची स्नायू निकामी झाल्यास त्याचे काम करणारे, पूर्णपणे शरीराच्या आत बसवायचे सिलिकॉनचे उपकरण. कर्करोगामुळे प्रोस्टेट ग्रंथी काढल्यावर काही पुरुषांची लघवी खोकताना, उठता-बसता गळत राहते. त्यांच्यासाठी ते मुख्यतः वापरतात. काही स्त्रियांना आणि पाठीच्या कण्याचा जन्मजात दोष असलेल्या मुलांनाही ते बसवले जाते.

मूत्रमार्गाभोवतीचा फुगणारा पट्टा, ओटीपोटातला फुगा आणि पुरुषांत वृषणकोशात ठेवलेला छोटा पंप असे त्याचे तीन भाग नळ्यांनी जोडलेले असतात. एरवी पट्टा द्रवाने भरलेला व मूत्रमार्ग मिटलेला असतो. लघवीच्या वेळी पंप बोटांनी दाबला की द्रव फुग्यात जातो आणि वाट मोकळी होते. काही मिनिटांत द्रव आपोआप पट्ट्यात परततो. बॅटरी लागत नाही.

खरा अवघड प्रश्न दाबाचा आहे. दाब कमी पडला तर लघवी गळते. जास्त झाला तर पट्ट्याखालचा रक्तपुरवठा अडतो, मूत्रमार्ग झिजतो आणि पट्टा आत रुततो. ह्यूस्टनचे शल्यविशारद ब्रँटली स्कॉट यांनी विल्यम ब्रॅडली व जेराल्ड टिम यांच्यासह विकसित केलेले उपकरण 1972 मध्ये प्रथम बसवले. त्यात पट्टा भरायला एक आणि रिकामा करायला दुसरा पंप होता. पुढच्या रचनांत दाब ठरवण्याचे काम फुग्याच्या ताणलेल्या भिंतीकडे आले. आज बहुधा 61 ते 70 सेंमी. पाण्याच्या स्तंभाइतका दाब निवडतात. खोकल्याने पोटातला दाब वाढला की तो फुग्यावरही पडतो आणि पट्टा अधिक घट्ट होतो, ही या रचनेतली सर्वांत सुंदर गोष्ट.

जखम भरेपर्यंत, साधारण सहा आठवडे, पट्टा रिकामा ठेवावा लागतो. पूर्वी तो चालू करायला दुसरी शस्त्रक्रिया लागे. 1980च्या दशकातील एएमएस 800 या सुधारित उपकरणात पंपावरच बटण आल्याने रुग्णाचा हा त्रास वाचला.

जंतुसंसर्ग किंवा बिघाड झाल्यास उपकरण काढावे वा बदलावे लागते. पट्टा रिकामा करून उपकरण बंद न करता लघवीची नळी घातली तर मूत्रमार्गाला गंभीर इजा होऊ शकते, म्हणून रुग्णाने कोणत्याही रुग्णालयात दाखल होताना ही माहिती आधी द्यायलाच हवी.

संधिवाताने बोटे आखडलेल्यांना पंप दाबणे जमत नाही. त्यासाठी विजेवर चालणारी, हालचालीनुसार दाब बदलणारी उपकरणे विकसित होत आहेत. फ्रान्समधील युरोमेम्स कंपनीचे असे उपकरण 2022 मध्ये प्रथम रुग्णाला बसवले गेले.