मॅकचा वाटा नेमका किती? आकडे जुळत नाहीत तेव्हा

“तुमच्या अहवालात मॅकचा वाटा इतका कमी कसा? दुसरीकडे तर दुप्पट दाखवतात.” संगणकांच्या बाजाराचा आमचा अहवाल ग्राहकाकडे पोहोचला की आठवड्याभरात ॲपलच्या मॅक संगणकांबद्दल हा फोन येतोच. बहुतेक वेळा दोन्ही आकडे बरोबर असतात, मोजणी वेगळी असते.

आयडीसी आणि गार्टनर या बाजारसंशोधन कंपन्या त्या तिमाहीत उत्पादकांनी बाजारात पाठवलेली यंत्रं मोजतात. वितरकाच्या गोदामात खोक्यात पडून असलेला लॅपटॉपही त्यात आला. शिवाय आयडीसी क्रोमबुक (गूगलच्या क्रोमओएसवर चालणारे लॅपटॉप) धरते, गार्टनर २०२२ च्या आधी आपल्या पीसीच्या आकड्यात ते धरत नव्हती. तेवढ्यानेच त्या जुन्या आकड्यांत सगळ्यांची टक्केवारी हलते. स्टॅटकाउंटर ही इंटरनेटचा वापर मोजणारी सेवा. ते विक्री मोजतच नाही, संकेतस्थळांवर उघडलेली पानं मोजतं. नुसत्या बिलिंगसाठी ठेवलेला, ब्राउझर न उघडणारा संगणक तिथे शून्य. दिवसाला दोनशे पानं चाळणारा एकटाच दोनशे. त्यात २०१९ च्या आयपॅडओएस १३ (आयपॅडची कार्यप्रणाली) पासून आयपॅडवरचा सफारी ब्राउझर बहुतेक संकेतस्थळांना आपली ओळख मॅक म्हणूनच सांगतो, त्यामुळे आयपॅडही मॅकमध्ये मोजला जाऊ शकतो.

आता कळकळीची विनंती. गेल्या वर्षीचा आकडा विक्रीचा, यंदाचा वापराचा, आणि दोन्ही एकाच आलेखात, असं करू नका. रेघ झपकन वर जाते आणि “ही वाढ कशामुळे?” हा प्रश्न आमच्याकडे येतो. वाढ झालेलीच नसते. एकेका आकड्याचं मूळ शोधत मागे जाण्यात आमचे दोन-तीन दिवस जातात आणि तुमचा निर्णय तेवढाच रखडतो. एका ग्राहकाने तर अशा रेघेच्या भरवशावर आपल्या सॉफ्टवेअरच्या मॅक आवृत्तीसाठी माणसं नेमायची तयारी केली होती.

म्हणूनच काम घेताना आम्ही आधी विचारतो, आकडा कशासाठी हवा? काहींना ही विचारपूस नकोशी वाटते, पण ती आम्ही सोडणार नाही. नव्या लॅपटॉपसोबत बॅग विकायची असेल तर विक्रीचा आकडा लागतो. सॉफ्टवेअर विकायचं असेल तर वापरातली यंत्रं बघावी लागतात, कारण संगणक पाच-सहा वर्षं सहज चालतो आणि एका तिमाहीची विक्री हा त्यातला लहानसा तुकडा. तुमच्या स्वतःच्या संकेतस्थळाच्या नोंदी असतील तर आमच्या अहवालाआधी त्या बघा. तुमचं गिऱ्हाईक तिथेच दिसतं.

जुना आलेख असेल तर नव्या कामासोबत पाठवा. कुठला आकडा कुठल्या मोजणीचा, याच्या खुणा आम्ही त्याच्यावरच करून देतो, वेगळे पैसे घेत नाही.