इंग्रजीतले जुळ्या आवाजाचे शब्द, बेळगाव सीमाभागात

ऐकायला सारखे पण अर्थ आणि स्पेलिंग वेगळं, अशा इंग्रजी शब्दांच्या जोड्या. यातल्या काही, म्हणजे गाडीचा ब्रेक आणि मोडणं या अर्थाचं ब्रेक, इंग्रजाच्या तोंडीसुद्धा एकच असतात, आणि काही त्याच्या तोंडी वेगळ्या असतात पण आपल्या तोंडात आल्या की एक होतात. खरा घोळ या दुसऱ्या प्रकारात होतो. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात तर हे मुद्दाम बघण्यासारखं आहे, कारण इथल्या मराठी माणसाच्या कानावर लहानपणापासून कन्नड पण पडत असतं.

पेनच घ्या. लिहायचं पेन आणि दुखण्याचं पेन मराठीत लिहिलं तर दोन्ही पेनच, पण इंग्रजीत पहिल्यातला ए आखूड आणि दुसऱ्यातला लांब, शेवटी इ कडे वळणारा. मिरीचं पेपर आणि कागदाचं पेपर, विकणं आणि विक्री ही सेल-सेलची जोडी, मिळणं आणि फाटक ही गेट-गेटची, सगळं हेच. मराठीत ए ची ऱ्हस्व-दीर्घ जोडीच नाही त्यामुळे पुण्याकडच्या पोराला हा फरक मुळापासून शिकावा लागतो. कन्नडमध्ये मात्र ए आणि ओ दोन्हीला आखूड-लांब अशी वेगळी अक्षरं आहेत. बेळे म्हणताना पहिला ए आखूड काढला तर शेतातलं पीक आणि लांबवला तर वरणाची डाळ, कोडु मधला ओ आखूड असेल तर दे आणि लांब असेल तर शिंग. किराणा दुकानात कन्नडमधून डाळ मागणाऱ्या आपल्या माणसाचा कान म्हणजे आधीच तयार आहे की, त्याला फक्त एवढंच सांगायचं की हाच कान इंग्रजीला लाव. शाळेत हे न सांगता नुसती स्पेलिंगं पाठ करून घेतात, ते मला अजिबात पटत नाही.

उलट काही ठिकाणी मराठीच उपयोगी पडते. बॅट आणि बेट, हॉल आणि होल यांच्यासाठी आपल्याकडे अर्धचंद्र आहे. कन्नड पाटीवर बँकेचं ब्यांक होतं आणि हॉलचं हाल, आणि हालु म्हणजे तर कन्नडमध्ये दूध.

व च्या बाबतीत दोन्ही भाषा हात वर करतात, कारण दोन्हीकडे व एकच. वेस्ट हा शब्द बघा, बनियन पण वेस्ट, पश्चिम पण वेस्ट आणि वाया जाणं पण वेस्ट. तिसरा लांब ए मुळे सुटतो, पहिल्या दोघांसाठी तोंडच बदलावं लागतं: बनियनला वरचे दात खालच्या ओठाला टेकवायचे, पश्चिमेला दात न लावता ओठ गोल करायचे. आरशासमोर दहा वेळा केलं की जमतं.

लूज पण असंच. नट लूज झाला, लूज तेल, हे सगळं सैल किंवा सुटं या अर्थाचं, त्याचा मूळ उच्चार लूस आणि स्पेलिंगमध्ये दोन ओ. हरवणं किंवा हरणं असेल तर एकच ओ आणि शेवटी झ सारखा आवाज. सल्ला म्हणजे अ‍ॅडव्हाइस आणि सल्ला देणं म्हणजे अ‍ॅडव्हाइज यांच्यातही तेच, नामाला सी आणि स चा आवाज, क्रियापदाला एस आणि झ चा.

जिथे कान काहीच मदत करत नाही तिथे शब्दाची गोष्ट माहीत असलेली बरी. स्टेशनरी म्हणजे वह्या-पेन्सिली आणि स्टेशनरी म्हणजे एका जागी थांबलेलं, फरक फक्त शेवटच्या आर च्या आधी ई की ए एवढाच. दोन्हीचं मूळ एकच आहे, उभं राहणं या अर्थाचा लॅटिन शब्द, जो आपल्या संस्कृत स्था चा भाऊबंद. मध्ययुगीन युरोपात विद्यापीठांजवळ पुस्तकं विकणारा जो फिरस्ता नव्हता, एका जागी दुकान मांडून बसायचा, तो स्टेशनर, आणि त्याच्याकडचा माल ती स्टेशनरी. या मालात लिफाफा पण येतो, लिफाफ्याला इंग्रजीत एन्व्हलप म्हणतात, त्याचं पहिलं अक्षर ई, तोच ई इथे घालायचा.