अनुशेष : वाद पैशांआधी मोजमापाचा

विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्या विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. सप्टेंबर २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने ती पुन्हा स्थापण्याचा निर्णय घेतला आणि 'अनुशेष', म्हणजे मागे पडलेल्या भागांचा विकासातला साचलेला तुटवडा, हा शब्द परत ऐकू येऊ लागला. या शब्दावरून तज्ज्ञ आणि मंत्रालय यांच्यात चाललेली ओढाताण मात्र चाळीस वर्षांची आहे.

विदर्भ-मराठवाड्याला न्याय्य वाट्याचे वचन देणारा नागपूर करार आणि समतोल विकासाची विशेष जबाबदारी राज्यपालांवर सोपवणारे घटनेचे कलम ३७१(२) सर्वांना ठाऊक आहेत. हिशेब सुरू झाला तो १९८३ च्या सत्यशोधन समितीपासून. पुढच्या वर्षी तिने आकडा दिला : सुमारे ३,१८७ कोटी रुपये. त्यात विदर्भ ३९ टक्के, मराठवाडा साडेतेवीस आणि उर्वरित महाराष्ट्र चक्क ३७ टक्के. नागपुरात हा शेवटचा आकडा पटणे कठीणच होते. पण समितीने प्रदेश नव्हे, जिल्हा हे एकक धरले होते. राज्याच्या सरासरीपेक्षा जिल्हा जितका मागे, तितका त्याचा अनुशेष. शेजारी जिल्हा कितीही पुढे असो, त्याची आघाडी यातून वजा होत नाही. सिंचनाचे हेक्टरही जसेच्या तसे घेतले नाहीत. उसाला लागणारे पाणी आणि ज्वारीला लागणारे पाणी एका मापाने कसे मोजणार? म्हणून सगळे 'रब्बी समतुल्य' केले, म्हणजे रब्बी पिकाला लागणाऱ्या पाण्याच्या मापात बसवले. अहवालातला सर्वांत प्रामाणिक भाग मला हाच वाटतो.

सरकारने अहवाल रीतसर स्वीकारला नाही, तरतूद मात्र त्याच आकड्यांच्या आधारे होऊ लागली.

मंडळे आल्यावर १९९५ मध्ये नवी समिती बसली. तिने १ एप्रिल १९९४ ची स्थिती धरून अनुशेष सुमारे १४ हजार कोटींवर नेला. खरी गाठ इथे बसली. तारीख गोठवली की त्यानंतर रुंदावलेली दरी हिशेबाबाहेर राहते. मोकळी सोडली तर सरासरी सरकत जाते आणि अनुशेष संपतच नाही. सरकारला संपणारा आकडा हवा होता, तो मिळाला. २००१ पासून राज्यपालांचे निर्देश निघू लागले, तेव्हा निधीवाटप कोणी ठरवायचे, विधिमंडळाने की राजभवनाने, हा नवा तंटा उभा राहिला.

२०११ च्या उच्चस्तरीय समितीने तालुका हे एकक सुचवले आणि अनुशेषापलीकडे पाहायला सांगितले. विदर्भ-मराठवाड्यात त्यावर टीकेची झोड उठली, आणि ती अकारण नव्हती : अमरावती, अकोला, वाशीम, बुलडाणा या जिल्ह्यांचा १९९४ चा सिंचन अनुशेषच तेव्हा भरायचा बाकी होता.